स्टँड आधी दाखवा

तापकीर गल्लीत नहारशेठनी काउंटरवर
तीन खोकी मांडली.
हा टेपवाला, हा डीव्हीडीवाला,
हा थेट हार्ड डिस्कवर उतरवतो.
आणि याचा माइक बघा, म्हणाले,
शेजारच्या खोलीतली कुजबुजसुद्धा सुटत नाही.

मी हातांनी बाबांना सांगितलं.
बाबा हसले, मग त्यांचे हात उठले:
स्टँड आधी दाखवा.

शेठना उमगेना.
गिऱ्हाईक आधी कॅमेरा ठरवतं,
उरल्या पैशात जमलं तर स्टँड.
मी म्हटलं, आमच्या घरात
ज्याच्या हातात कॅमेरा, तो मुका.

झूम चाळीसपट? नको.
सोलापूरच्या इरप्पाकाकांना चंद्र पाठवायचा नाहीये.
कोपरापासून कपाळापर्यंत माणूस मावला पाहिजे,
भुवयांसकट.
भुवई उचललेली दिसली नाही
तर प्रश्नाचं साधं विधान होतं.
ट्यूबलाइटच्या उजेडात बोटं पुसट होता कामा नयेत.
आणि पडदा उलटा फिरला पाहिजे,
बोलणाऱ्याला आपण चौकटीत आहोत ना ते कळायला.

टेपवाला घेतला.
शेठनी सहाशे कमी केले,
बिलामागे आपणहून लिहिलं, ‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करणे’,
आणि कागद माझ्याकडे न देता बाबांपुढे धरला.

दोघं शाळेत एका बाकावर होते.
नंतर चाळीस वर्षं पोस्टकार्डं.
त्यांत प्रत्यय गळालेले असायचे:
मी ताप आला. तू पेरू पाठव.
हातांनी बोलताना बाबांचं काहीच गळत नाही
हे पोस्टमनला कुठून माहीत असणार.

दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत
तासाभराची टेप कॉम्प्युटरवर उतरायला तासच लागतो,
घाई नावाची तार त्या केबलमध्ये नाही.
बाबा शेजारी स्टुलावर.
मी पहिला शब्द जिथे सुरू होतो तिथे कापलं.
त्यांनी माझ्या मनगटावर टिचकी मारली.
इथे नाही. वाक्य मांडीवरून निघतं.
हात उठायच्या आधी खांदा श्वास घेतो,
तिथून घे.

दोन तुकडे जोडताना मी हौसेनं
एकातून दुसरं विरघळत आणलं.
पडद्यावर बाबांना चार हात फुटले,
दोन पेरूबद्दल बोलत होते, दोन पेन्शनबद्दल.
गणपती केलास माझा, म्हणाले. काढ.

मग त्यांचं बोट खाली गेलं,
चित्राखालच्या पट्टीवर.
हे हिरवं गवत कसलं?

आवाज आहे, बाबा.

ते उठून चष्मा घेऊन आले.
हा उंच?
कुकर.
हा लांबलचक?
मालगाडी गेली तेव्हा.
हे बारीक, टोचणारं?
आई लसूण सोलत होती, बांगड्या.
आणि हा डोंगर?

तुम्ही. हसलात ना, इरप्पाकाका मास्तरांच्या सायकलवरून पडले ते सांगताना.

त्यांनी अंगठा आणि तर्जनी पडद्याला लावून
डोंगर मोजला, मग मालगाडी मोजली.
पुन्हा डोंगर.
एवढा?
आईला बोलावून दाखवला.
तिनं पदराला हात पुसत वाकून पाहिलं
आणि खूण केली: शेजारी काही बोलले नाहीत कधी.

मी ती पट्टी पुसूनच टाकणार होते.
पाठवणाऱ्याला ऐकू येत नाही, पाहणाऱ्यालाही नाही,
फाइल तेवढीच हलकी.
बाबांनी माझा हात माउसवरून उचलला.
राहू दे.

रात्री अडुसष्ट टक्क्यांवर कॉम्प्युटर गोठला.
पुन्हा लावलं. पहाटे सीडी निघाली, कोमट.

तीन आठवड्यांनी सोलापूरहून टेप आली.
कुणाच्यातरी पोरानं काढलेली, स्टँडशिवाय, डुलत,
इरप्पाकाका हनुवटीपर्यंतच.
पेरू आवडला, असं म्हणतायत
की आवडला का, असं विचारतायत,
बाबांनी चारदा मागे नेऊन पाहिलं.
भुवया चौकटीबाहेर राहिल्या होत्या.

मागे कुठेतरी यंत्रमाग खडखडत होते,
घरात ते माझ्याएकटीपुरते.
बाबांनी माझ्याकडे पाहून
बोटं उभी हलवली. गवत?

गवत कसलं, मी म्हटलं,
ऊस आहे.